जुन्या झाडाचा ताळेबंद: टेप, काठी आणि कॅल्क्युलेटर घेऊन

निम्मं आयुष्य मी हिशेब तपासण्यात घालवलं. दुसऱ्यांच्या वह्यांत जमा कुठे फुगवलीय आणि खर्च कुठे दडवलाय हे हुडकायची खोड एवढी मुरली, की नंतर झाडांच्या नादाला लागले तरी ती सुटली नाही. 'जुनी झाडं वाचवा' असा फलक दिसला की सगळे माना डोलावतात आणि मी मनात विचारते, वाचवून नेमकं काय आणि किती? याचं उत्तर एकेका झाडापुरतं काढता येतं. टेप, काठी, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि अर्धा दिवस पुरतो.

उदाहरणाला एक शिरीष घेते. ओळखीतल्या एका गृहस्थांच्या आवारात होता. त्यांना तो पाडायचा होता आणि माझ्याकडून 'हरकत नाही' एवढं ऐकायचं होतं. म्हणाले, "ताई, एक म्हातारं झाड पाडतो आणि त्याच जागी पंचवीस तरणी लावतो. पर्यावरणाचा फायदाच नाही का?" प्रश्न वाटतो तितका उडवून लावण्यासारखा नाही. म्हणून वाद न घालता टेप काढली.

घेर आणि उंची

घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा, साधारण छातीच्या उंचीला. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. त्याच उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर जरा वर सरका आणि किती सरकलात ते लिहून ठेवा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, ती नको. टेप खोडामागे खाली घसरलेली समोरून दिसत नाही, म्हणून मागे कुणीतरी उभं करा.

हे मी अनुभवाने सांगतेय. पहिल्या वर्षी मी एकटीने मोजलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच झाडाचा घेर २ सेंटीमीटरने कमी भरला. झाड काही आक्रसलं नव्हतं. पहिल्यांदा टेप तिरकी बसली होती, शिवाय एकदा मोजलं भर पावसाळ्यात आणि एकदा कडक उन्हाळ्यात. खोडातल्या पाण्यानुसार घेरात बारीकसा फरक पडतोच. तेव्हापासून मी खोडावर रंगाचे चार छोटे ठिपके देते आणि दरवर्षी त्याच महिन्यात, सकाळच्या वेळी मोजते.

उंचीसाठी सरळ काठी लागते. हात समोर ताठ करून काठी उभी धरा, पण अशी की मुठीच्या वरचा तिचा भाग तुमच्या डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढाच राहील. मग मागे मागे जात राहा. मुठीशी झाडाचा बुंधा आणि काठीच्या टोकाशी झाडाचा शेंडा जुळला की थांबा. तिथून खोडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट हवी, एवढीच अट. मागे जाताना मागे काय आहे ते बघा. मी एकदा उघड्या गटारात गेले आहे.

शिरीषाचा घेर भरला ३१० सेंटीमीटर. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास येतो, ९८.७. उंची २० मीटर. पानांचा पसारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत १८ मीटर. हे शेवटचं मोजायला विसरू नका, पुढे फार कामाला येतं.

वजन

झाड न तोडता त्याचं वजन काढायची सूत्रं आहेत. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यासाठी ५८ ठिकाणची, प्रत्यक्ष तोडून वजन केलेली ४,००४ झाडं वापरली होती. सूत्र असं: लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करा, आलेल्या आकड्याचा ०.९७६ वा घात काढा आणि त्याला ०.०६७३ ने गुणा. व्यास सेंटीमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता दर घन सेंटीमीटरला किती ग्रॅम अशी. उत्तर येतं ते जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये. फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घाताची कळ दिसते.

शिरीषाची घनता मी ०.६ धरली. गुणाकार झाला १,१६,९०० च्या आसपास, वजन आलं जवळपास ५,९५० किलो. म्हणजे सहा टन. मुळं यात नाहीत, ती साधारण आणखी पाचवा ते चौथा हिस्सा भरतात. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांना हे सूत्र लावू नका, आणि पारंब्यांनी पसरलेल्या झाडालाही नको. बाकी एकट्या झाडाला तीस-चाळीस टक्क्यांची चूक सहज होऊ शकते. हिशेबनीस म्हणून मला हे झोंबतं, पण पुढचे निष्कर्ष एवढ्या चुकीनेही उलटत नाहीत.

खोड पोकळ असेल तर तेवढं वजन वजा करायचं. लोक पोकळी दिसली की 'आत काही उरलं नाही' म्हणतात. या शिरीषाला माणसाच्या डोक्याहून वर एक भोक होतं. आत काठी घालून पाहिलं तर ४० सेंटीमीटर रुंद आणि ३ मीटर खोल पोकळी. सव्वादोनशे किलो लाकूड गेलेलं. ऐकायला भरपूर, पण सहा टनांत चार टक्केसुद्धा नाही.

आता कार्बन. कोरड्या वजनाचा ०.४७ भाग कार्बन धरतात, आणि एक किलो कार्बन जळाला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे शिरीषात २,८०० किलो कार्बन, हवेत गेला तर सव्वादहा टन कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळताना २.३ किलोच्या आसपास निघतो. भागाकार करा: या झाडाने सगळ्या आयुष्यात जमवलेली शिल्लक म्हणजे ४,४५० लिटर पेट्रोल.

हा आकडा मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा समोरचे गप्प होतात. काहींना तो फार मोठा वाटतो, काहींना फारच छोटा. दोघांचंही बरोबर आहे.

शिल्लक वेगळी, आवक वेगळी

बहुतेक वाद इथेच भरकटतो, म्हणून जरा थांबते.

झाडात साठलेला कार्बन ही शिल्लक. दरवर्षी त्यात पडणारी भर ही आवक. म्हातारं झाड वाढत नाही, असं सर्रास म्हणतात. २०१४ सालीच ४०३ जातींच्या झाडांच्या मोजणीतून दिसलं, की बहुतेक जातींत झाड जितकं थोराड तितकी त्याची वर्षाची वजनवाढ जास्त. यात नवल काही नाही. एवढ्या मोठ्या घेरावर बारीकसा थर चढला तरी लाकूड भरपूर होतं.

शिरीषाचा घेर वर्षभरात दीड सेंटीमीटर वाढला. टेपवर ही जेमतेम बोटभर जागा. सूत्रात घातलं तर ५६ किलो लाकूड. तुलनेला ३० सेंटीमीटर घेराचं, ७ मीटर उंच तरणं झाड घ्या. त्याचं सगळं वजनच २२ किलो. म्हणजे म्हाताऱ्याने एका वर्षात तशी अडीच झाडं अंगावर चढवली.

पण थांबा, एवढ्यावर टाळ्या नकोत. ५६ किलो लाकूड म्हणजे ९७ किलो कार्बन डायऑक्साइड. पुन्हा पेट्रोलमध्ये: ४२ लिटर. एका गाडीची एक टाकी. सहा टनांच्या झाडाची वर्षाची कमाई एक टाकी! घरापुढे जुनं झाड राखलंय म्हणून गाडीचा धूर माफ, असं स्वतःशी म्हणणाऱ्यांनी हा आकडा आरशावर चिकटवावा.

आता त्या गृहस्थांचा प्रस्ताव. झाडाच्या पसाऱ्याखालची जागा २५४ चौरस मीटर. तीन-तीन मीटरवर रोपं लावली तर २८ बसतात; ते पंचवीस म्हणाले होते, मी उदारपणे २८ धरली आणि सगळी जगली असंही धरलं. ३० सेंटीमीटर घेराचं झाड वर्षात ३४ चं झालं, उंचीही थोडी वाढली, तर वजन ८-९ किलोंनी वाढतं. अठ्ठावीस मिळून २४० किलो. शिरीषाच्या चौपट.

आवकीत तरणी झाडं जिंकली. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच जमिनीवर कोवळी, जोमदार झाडं दरवर्षी जास्त कार्बन ओढतात. लाकडासाठी लागवड करणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच जाणतात.

गृहस्थ खूश झाले. मी म्हटलं, आता शिल्लक बघू. अठ्ठावीस झाडांची मिळून शिल्लक सव्वासहाशे किलो. शिरीषाची सहा टन. पाडल्यावर त्या सहा टनांचं काय होणार? फांद्या, पानं, वाकडंतिकडं लाकूड जळणाला जाईल किंवा कुजेल, मुळं जमिनीत कुजतील. सरळ खोडाच्या फळ्या निघाल्या आणि त्या टिकल्या तर तेवढा कार्बन अडकून राहील, हे मान्य. त्यांनाच विचारलं, फळ्या पाडणार का? म्हणाले, पोकळ खोड कोण घेतंय, जळणालाच जाईल. म्हणजे पहिल्याच वर्षी वहीत बहुतेक सहा टनांचं कर्ज.

ते फिटणार कधी? अठ्ठावीस झाडं मोठी होताना एकमेकांना दाटी करतात, काही मरतात. समजा ११ उरली, प्रत्येकाचा घेर ११० सेंटीमीटर, उंची १४ मीटर. एकेकाचं वजन ५५५ किलो, अकरांचं ६,१००. इथे बरोबरी झाली. घेर वर्षाला ३ सेंटीमीटरने वाढला तर तिथवर पोचायला ३६-३७ वर्षं. छत्तीस वर्षं हवेला उधारी, आणि ती फिटेल की नाही हे पुढच्या मालकाच्या मर्जीवर. कुठल्याही कर्जाच्या कागदावर मी अशा अटींना सही दिली नसती.

रानातही शिल्लक अशीच थोरांकडे असते. जगभरच्या ४८ वनखंडांतली १ सेंटीमीटरहून जाड सगळी झाडं मोजून २०१८ साली जी मांडणी प्रसिद्ध झाली, तिच्यात आकाराने पहिल्या एक टक्का झाडांत जमिनीवरचं निम्मं वजन निघालं.

जागा दुसरी असेल तर हा हिशेब मांडायचीही गरज नाही. जुनं राहू द्या, नवी दुसरीकडे लावा.

वहीतून खोडायची एक नोंद

ऑक्सिजन. 'एक झाड इतक्या माणसांना श्वास पुरवतं' ही नोंद मी लाल पेनाने खोडते. शिरीषाच्या वर्षभराच्या वाढीतून निव्वळ ७० किलो ऑक्सिजन सुटतो. माणसाला वर्षाला तीनशे किलोच्या आसपास लागतो. म्हणजे सहा टनांचं झाड पाव माणूससुद्धा जगवत नाही, आणि उद्या ते लाकूड कुजलं की तो ऑक्सिजनही परत घेतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे, तो संपायची भीती नाही. खोट्या नोंदीने खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

ज्या नोंदी वजनात बसत नाहीत

सावलीखाली थर्मामीटर घेऊन बसू नका, तो हवेचं तापमान सांगतो आणि फरक थोडाच दाखवतो. भर दुपारी एक हात उन्हातल्या फरशीवर आणि एक सावलीतल्या फरशीवर ठेवा, खरा फरक तिथे कळतो. शिवाय पानांतून पाणी उडतं. पाणी मुबलक असेल तर मोठ्या झाडातून दिवसाला शंभर लिटरहून जास्त उडू शकतं. शंभर लिटर पाण्याची वाफ व्हायला ६८ युनिट विजेएवढी उष्णता लागते, ती आसपासच्या हवेतून आणि पानांवर पडलेल्या उन्हातून जाते. अठ्ठावीस रोपांना असा मांडव घालायला बरीच वर्षं लागतील, आणि उन्हाळा तर याच वर्षी आहे.

दुसरी नोंद त्या पोकळीची. मी काठी आत घातली तेव्हा आतून फूत्कारासारखा आवाज आला. टॉर्च मारला तर घुबडाची दोन पिल्लं, मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती. मी काठी हळूच काढून घेतली. (विणीच्या दिवसांत हे करू नये. मला माहीत नव्हतं आत कुणी आहे, आणि तेवढी सबब पुरेशी नाही.) अशी पोकळी होण्यासाठी आधी फांदी मोडावी लागते, मग बुरशी आत शिरून मधलं मेलेलं लाकूड वर्षानुवर्षं खाते. खोड तेवढं जाड झाल्याशिवाय घुबड मावत नाही. लाकडी घरटी टांगता येतात, काही पक्षी राहतातही, पण पोकळीतल्या ओलसर भुश्शात वाढणारे किडे त्यात येत नाहीत.

पाडावं लागेल का, हे बघताना

सगळी जुनी झाडं राखण्यासारखी नसतात. खाली माणसांचा वावर असेल तर धोका आधी बघायचा.

लाकडी हातोडीने खोडावर सगळीकडून ठोका. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढब्ब. पोकळी असेल तर बाहेरचं सलग लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड आहे का, ते बघा. हा ढोबळ ठोकताळा आहे, जाणकारांत यावरून मतभेद आहेत, पण सुरुवातीला चालतो. शिरीषाची त्रिज्या ४९ सेंटीमीटर, पोकळी अर्धी २०, उरलं २९. निम्म्याहून जास्त. मला त्याची काळजी वाटली नाही. काळजी वाटते ती बुंध्याशी कानासारख्या कडक बुरशा उगवल्या असतील तर, एका बाजूची माती उचलली गेली असेल तर, किंवा शेंड्याकडून फांद्या सुकत येत असतील तर. यातलं काही दिसलं की झाडांचा जाणकार बोलवा. सरसकट पाडायची गरज तरीही नसते. कधी एक जड फांदी कमी करून भागतं, कधी खालचा बाक हलवून.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. एका झाडाला मी 'ठणठणीत' असा शेरा दिला होता. पानं गर्द, खोड टणक. आठ महिन्यांनी वादळात ते मुळासकट आडवं झालं, नशिबाने रिकाम्या सायकल स्टँडवर. उघड्या पडलेल्या मुळांकडे बघितलं तर एका बाजूची सगळी मुळं सरळ रेषेत कापलेली. दोन वर्षांपूर्वी तिथून नळ टाकायला चर खणला होता, वर गवत उगवलं होतं. मी वर बघितलं, ठोकून बघितलं, पण 'इथे कधी खणलंय का?' हे कुणाला विचारलं नाही. आता माझा पहिला प्रश्न तोच असतो.

राखायचं ठरलं तर

मुळं खूप खोल जातात हा समज आधी काढून टाका. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पानांच्या पसाऱ्याच्या बरीच बाहेर जातात. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या १२ पट अंतरापर्यंत मुळांची जागा राखतात, आणि खूप जुन्या झाडांना १५ पट, किंवा पसाऱ्याच्या कडेपासून ५ मीटर, यातलं जे जास्त असेल ते. शिरीषाला हे जवळपास १५ मीटर होतं. एवढ्या वर्तुळात खणू नका, गाड्या उभ्या करू नका, मातीचा भराव घालू नका. बुंध्याभोवती पार बांधून मातीने भरण्याची हौस तर मुळीच नको. मुळांना हवा लागते.

वर्तुळात पालापाचोळा दोन-चार इंच पसरा, खोडाला टेकू न देता. जुन्या झाडाला याहून मोठं औषध मला ठाऊक नाही. पाचोळा झाडून जाळणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

फांदी कापायचीच असेल तर ती खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते, ती शाबूत ठेवून तिच्या बाहेरून कापा. खोडाला सपाट करून कापलं की जखम मोठी होते. जड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी दूरवर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, फांदी पडल्यावर उरलेलं खुंट वळीशी. नाहीतर पडताना ती खोडाची साल खालपर्यंत सोलत जाते. कापल्यावर डांबर किंवा रंग फासू नका. अमेरिकन वनरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंत घालून तो वेगळा पाडतं आणि बाहेर नवीन लाकूड वाढवतं. पोकळीत सिमेंट भरणं तर त्याहून वाईट. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, आणि आतली ती भिंत घासली जाते.

शेंडा छाटून झाड 'आटोक्यात' आणायला कुणी सांगितलं तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

आणि झाड उपटून दुसरीकडे लावायचा पर्याय? एवढ्या थोराड झाडाच्या मुळांचा लहानसा हिस्साच मातीच्या गड्ड्याबरोबर येतो. बाकीची कापलेली मुळं मागे राहतात, आणि सहा टनांचा संसार त्या उरलेल्या मुळांवर येऊन पडतो.

त्या गृहस्थांनी शिरीष ठेवला. पर्यावरणासाठी म्हणून नव्हे, पिल्लं उडेपर्यंत थांबू म्हणाले आणि मग राहूनच गेलं. रोपं कुंपणाकडेला लावली, बारा, त्यातली नऊ जगली. ठिपक्यांवर टेप लावायला मी दरवर्षी जाते. टेपचं मागचं टोक आता तेच धरतात, आणि मी आकडा वाचायच्या आत विचारतात, "किती भरला?"